कुणी बदललं, का बदललं

कासमभाई गेल्याची बातमी ज्या माणसाने मला दिली, त्याचं नाव मला अजूनही माहीत नाही. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. भोरमध्ये नेहमीप्रमाणे वीज गेलेली, माझ्या कम्प्युटर क्लासमधली सगळी यंत्रं बंद आणि कोपऱ्यातला यूपीएस एकटाच केकाटत होता. फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "कम्प्युटरवाल्या बाई का?" मी हो म्हटलं. "त्ये कासम मिस्त्री गेले पहाटं. आमी निगालोय मातीला. पर म्हटलं, निघायच्या आदी एक इचारून घ्यावं... आमच्या टाकीच्या लाईनीचा वॉल कुठं गाडलाय, ते तुमच्या कम्प्युटरात हाय न्हवं?" वॉल म्हणजे व्हॉल्व्ह. आमच्याकडे सगळे वॉलच म्हणतात. मी फोन आपटला आणि अंधाऱ्या क्लासमध्ये मुलांच्या देखत रडले. रडण्यापेक्षा राग जास्त होता. माणूस जाऊन चार तास झाले नाहीत आणि यांना व्हॉल्व्ह हवा! आज पाच-सहा आठवड्यांनी लिहायला बसले आहे तेव्हा वाटतं, कासमभाईंना त्या माणसाचा राग आला नसता. त्यांनी आधी व्हॉल्व्हचा ठिकाणा सांगितला असता, आणि मग विचारलं असतं, कोण गेलं म्हणालात?

कासमभाई तांबोळी नळजोडणीचे मिस्त्री होते. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या डोंगराकडच्या वाड्यांवर नळपाण्याच्या योजना आल्या, तेव्हा वेगवेगळ्या ठेकेदारांच्या हाताखाली पाइप टाकायला हेच असायचे. हिर्डोशीकडच्या वस्त्यांपासून मार्गासनीच्या वरच्या वाड्यांपर्यंत विहीर ते टाकी, टाकी ते नळकोंडाळं, अशी कुठली लाईन कुठून गेली आहे ते त्यांच्या डोक्यात होतं. कागदावरच्या नकाशात लाईन सरळ असते. प्रत्यक्षात खणताना कातळ लागतो, कुणी अंगणातून जाऊ देत नाही, कुणाचा गोठा आडवा येतो, आणि मग लाईन वळते. वळलेली लाईन नकाशात कुणी काढत नाही. पुढे दहा-पंधरा वर्षांनी पाइप फुटला की कागद घेऊन आलेला साहेब एकीकडे खणतो आणि पाणी दुसरीकडेच वाहत असतं. मग कुणीतरी भोरला येऊन कासमभाईंना एसटीत घालून घेऊन जायचं. ते उतरायचे, गावातून एक फेरी मारायचे, बुटाच्या टाचेने मातीवर रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "हितं."

आमची ओळख झाली ती माझ्या इमारतीची पाण्याची मोटार बिघडली तेव्हा. मोटार दुरुस्त करून हात पुसत ते क्लासच्या दारात उभे राहिले आणि बराच वेळ आत बघत होते. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, ह्याच्यात एकानं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं का? लांबच्या गावात बसून?" मी म्हटलं, येतं. "आन् त्यानं चूक काढली तर त्याला तितंच सुदारता येतं?" मी म्हटलं, त्यालाही सोय आहे. तेव्हा त्यांनी मला हिर्डोशीकडच्या एका वस्तीची हकीकत सांगितली. तिथे पाणी सोडणारा म्हातारा वारला, व्हॉल्व्ह फक्त त्याला माहीत होता, आणि लाईन टाकलेली असूनही स्वतः कासमभाईंना तो तीन दिवस सापडला नाही. चैत्राचं ऊन, आणि बाया ओढ्याच्या डबक्यावर हंडे घेऊन रांगेत. "म्याच गाडलेला वॉल मला घावंना. त्या बायांच्या तोंडाकडं बघवंना मला," ते म्हणाले. "एका मानसाच्या टकुऱ्यात ठिवायची गोष्ट न्हाई ही. आमी मेल्यावर काय?"

विकी हा शब्द तेव्हा नुकताच कानावर पडू लागला होता. सगळ्यांची मिळून एक वही, जिच्या पानावर कुणीही लिहावं आणि चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करावी. मी उत्साहाने इंटरनेटवरच्या एका फुकट जागेवर आमची वही उघडली. एकेका वाडीचं एकेक पान. कासमभाई दुपारी येऊन सांगायचे, मी टाइप करायचे. फोनच्या तारेवरचं इंटरनेट, दर पाच मिनिटांनी तुटायचं. अर्धं पान लिहून झालं की वीज जायची. पाच-सहा महिन्यांत जेमतेम वीस पानं झाली, आणि एका सोमवारी मी पत्ता टाकला तर ती जागाच बंद झालेली. काही सूचना नाही, काही नाही. वीस पानं गेली. मी कासमभाईंना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंजी आमच्यासारकंच झालं की. त्येबी मेलं." आणि हसले. मला हसू आलं नाही.

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या मामेभावाने तेव्हा वेगळा मार्ग सुचवला. तो म्हणाला, पानं साध्या मजकुराच्या फायलींमध्ये ठेव आणि त्यांच्याखाली व्हर्जन कंट्रोल बसव. प्रोग्रामर लोक आपलं काम सांभाळायला जी यंत्रणा वापरतात तीच. प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, का केला, हे ती लिहून ठेवते. वरचं पान बदललं तरी जुनं आत जसंच्या तसं राहतं. शिवाय संपूर्ण वही, सगळ्या जुन्या बदलांसकट, दोन-तीन यंत्रांवर ठेवता येते. इंटरनेट नसलं तरी पेन ड्राइव्हवरून इकडचं तिकडे नेऊन दोन वह्या एक करता येतात. ऐकायला किती सोपं! ते बसवायला मला अडीच महिने लागले. काळ्या पडद्यावर हाताने आज्ञा लिहायच्या, एक टिंब चुकलं की सगळं अडायचं. मराठी नावाच्या फायली यंत्र उघडेना. वेल्ह्याला तहसील कचेरीजवळ झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या रोहिदासने मदत करायची तयारी दाखवली, तर त्याचा सगळा मजकूर जुन्या मराठी फॉन्टमधला. माझ्याकडे तो उघडला की नुसती चित्रविचित्र अक्षरं. मामेभावाला फोन केला की तो म्हणायचा, "अगं ताई, सोपं आहे." त्या काळात 'सोपं आहे' हे दोन शब्द जो कुणी उच्चारेल त्याच्या डोक्यात कीबोर्ड घालावा असं मला वाटायचं.

शेवटी एकदा ते चालू झालं. एक वही भोरला माझ्याकडे, एक वेल्ह्याला रोहिदासकडे. कासमभाई कामासाठी तिकडे जायचेच, तेव्हा पेन ड्राइव्ह विड्यांच्या डबीत घालून एसटीने न्यायचे आणि आणायचे. प्रत्येक बदल जतन करताना ते यंत्र एक ओळ मागायचं: काय बदललं, का बदललं. मी तिथे बहुतेक वेळा 'दुरुस्ती' एवढंच टाकून मोकळी व्हायचे. कासमभाईंना मात्र ती ओळ फार आवडली. पानापेक्षा ते त्या ओळीचा विचार जास्त करायचे. "लिव्हा," म्हणायचे, "चूक माजी. त्या दिशी पाऊस व्हता, घाई झाली." किंवा, "हे शांताबायनं सांगितलं. तिच्या दारातनं लाईन गेलीया, तिला म्हाईत आसनारच."

आमची भांडणंही व्हायची. मी त्यांचं बोलणं नीटनेटकं करून लिहायचे. 'आंब्याच्या झाडापासून सुमारे नऊ मीटर अंतरावर.' ते वाचायला सांगायचे आणि मान हलवायचे. "म्या मीटर कवा म्हटलं? बारा पावलं म्हटलं." मी म्हणायचे, पावलं कुणाची? उंच माणसाची की बुटक्याची? "माजी." म्हणजे ते नसताना त्यांची पावलं कोण टाकणार? ते म्हणायचे, "आन् तुमचा मीटर कोन मोजनार? वाडीत टेप हाय का कुनाकडं?" एकदा मी वैतागून त्यांना क्लासच्या बोळातून चालायला लावलं आणि पावलं मोजली. मग पानावर दोन्ही लिहिलं, मीटरही आणि पावलंही. पण मनातून मला नेहमी वाटायचं की ही वही माझ्यामुळे नीट दिसते आहे. यांच्यावर सोडलं तर नुसता गोंधळ होईल.

तो गोंधळ मी कसा आवरला, ते आता सांगते. हे लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

मार्गासनीच्या वर एक वाडी आहे. तिथे पाणी सोडण्याचं काम ज्ञानोबा करायचे. एकदा वेल्ह्याच्या बाजाराला आले तेव्हा त्यांनी रोहिदासच्या दुकानात बसून आपल्या वाडीच्या मुख्य व्हॉल्व्हची जागा सांगितली आणि रोहिदासने ती त्याच्या वहीत टाइप केली. त्याच आठवड्यात इकडे भोरला कासमभाईंनी नेमका त्याच व्हॉल्व्हचा मजकूर मला बदलायला लावला होता. दोन्ही वह्या एकत्र करायला गेले तर यंत्र अडलं. एकाच ओळीचे दोन निराळे बदल आलेले. अशा वेळी ते निवाडा करत नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवतं, मध्ये खुणा घालतं आणि सांगतं, तुम्हीच बघा. एक ओळ म्हणत होती, शाळेच्या मागे. दुसरी म्हणत होती, देवळाच्या उतारावर. संध्याकाळचे सहा वाजत आले होते, सव्वासहाला वीज जाणार होती आणि दिवसभरात ते यंत्र मला चौथ्यांदा अडवत होतं. मी विचार केला, कासमभाईंनी स्वतः पाइप टाकलाय. ज्ञानोबा मागाहून आलेले. ज्ञानोबांची ओळ काढून टाकली, देवळाचा उतार ठेवला, जतन केलं. कारणाच्या ओळीत नेहमीप्रमाणे 'दुरुस्ती' लिहिलं आणि घरी गेले.

पुढच्या एप्रिलमध्ये त्या वाडीची लाईन फुटली. ज्ञानोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला होते. वाडीतला एक जण वेल्ह्याला रोहिदासकडे आला आणि आमच्या वहीतलं पान छापून घेऊन गेला. दोन-अडीच वर्षांत आमचं पान कुणीतरी खरोखर कामासाठी नेण्याची ती पहिलीच वेळ. रोहिदासने आनंदाने मला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा आवाज पडलेला होता. देवळाच्या उतारावर कमरेइतका खड्डा झाला, व्हॉल्व्ह नाही. टाकी रिकामी झाली. कासमभाईंना बोलावून नेलं. ते तिथे गेले, फेरी मारली, टाचेने रेघ ओढली... आणि ती रेघही देवळाच्याच उतारावर. आणखी एक दिवस खणलं. देवळापुढचं सारवलेलं पटांगण उखडलं. बाया खालच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. शेवटी कुणीतरी दवाखान्यातल्या नातेवाइकाच्या मोबाईलवर ज्ञानोबांना गाठलं. डोळ्यावर पट्टी बांधलेला तो माणूस तिकडून म्हणाला, "शाळंच्या मागं हाय. भितीपास्नं चार फूट, वर दगूड ठिवलाय. रोहिदासनं लिवून घेतलंय की माज्याकडनं!" दहा मिनिटांत व्हॉल्व्ह सापडला. मग सगळ्यांनी कासमभाईंकडे पाहिलं. कुणी वाईट बोललं नाही, असं रोहिदास म्हणाला. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "मिस्त्री, तुमीच न्हाई का गाडलावता?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कासमभाई थेट क्लासवर आले. मी पंधरा-वीस मुलांना शिकवत होते. दारातूनच त्यांनी विचारलं, "ज्ञानोबाची वळ कुठं गेली?"

मी म्हटलं, "बसा तरी."

"बसत न्हाई. त्यानं सांगितल्याली वळ कुठं गेली?"

"मी काढली."

"का?"

"तुमची ठेवायची होती म्हणून. तुम्हाला जास्त माहीत, असं वाटलं मला."

इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. "मला शाना ठरवायला कुनी सांगितलंवतं तुमाला? तो रोज त्या वॉलला हात लावतो. त्याचं काडून माजं ठिवलं? आन् मला दाकवलंबी न्हाई? मशीन थांबलंवतं न्हवं? मशीनला कळलं आन् तुमाला कळलं न्हाई?" मुलं माना खाली घालून बसली. आणि मी... मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला संताप आला. अडीच महिने त्या काळ्या पडद्यापुढे मी डोकं फोडलं होतं, दुपारच्या दुपारी घालवल्या होत्या, आणि हे मला मुलांसमोर बोलणार? मी पडदा गर्रकन त्यांच्याकडे फिरवला. "ज्ञानोबांची ओळ कुठेही गेलेली नाही. आत आहे. आणि तुमच्याही आहेत, बघा. एकदा नाही, दोनदा बदललंत तुम्ही हे!"

कासमभाईंनी खिशातून चष्मा काढला. मी त्या पानाचे जुने बदल एकेक करून उघडत गेले. सर्वांत जुनी नोंद, वही नवीन असतानाची, त्यांचीच: 'शाळेच्या मागे, भिंतीलगत.' मग गणपतींनंतरची: 'शाळेच्या पुढे, झेंड्याच्या कट्ट्याजवळ.' मग शेवटची: 'देवळाच्या उतारावर.' दोन्ही बदलांशेजारी कारणाची ओळ होती, माझ्या हातची. पहिल्याला 'कासमभाईंच्या सांगण्यावरून दुरुस्ती.' दुसऱ्याला 'कासमभाईंनी पुन्हा बदलायला लावलं!' पुढे ठळक उद्गारचिन्ह.

ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "ही तिन्ही म्याच सांगितली?"

"हो."

"पयलं बरुबर व्हतं."

"हो."

"दुसऱ्या गावांचीबी आशी हायत?"

 ते विचारत असतानाच मला आठवू लागलं होतं. गेल्या सात-आठ महिन्यांत किती पानांवर मी 'पुन्हा' लिहिलं होतं. त्यांना माणसांची नावं आठवायला वेळ लागत होता. दोनदा ते पेन ड्राइव्ह न घेताच वेल्ह्याला जाऊन आले होते. मी दर वेळी चिडले होते. माझ्या चिडण्याची तारीखवार नोंद त्या यंत्रात होती आणि मी ती एकदाही सलग वाचली नव्हती. कासमभाईंनी चष्मा खिशात ठेवला. "कवापास्नं?" त्यांनी विचारलं. हे विसरणं कधीपासून, असं ते विचारत होते. मी मूर्खासारखं म्हटलं, "काय कधीपासून?" ते जिना उतरून गेले.

पंधरा दिवसांनी परत आले ते काम घेऊनच. घरच्यांनी पुण्याला दाखवलं होतं, आजाराला नाव मिळालं होतं. ते नाव त्यांनी माझ्यापाशी कधी उच्चारलं नाही. म्हणाले, "सगळी पानं काडा. माजं कुटपत्तूर बरुबर हाय आन् कुटनं घसारलंय, ते बगू." आणि आम्ही ते केलं. कुणी आपल्या हाताने आपल्याविरुद्ध असा पुरावा गोळा करताना मी पाहिलेलं नाही. पान उघडायचं, जुने बदल लावून बघायचे. कुठली जागा पहिल्यापासून तशीच आहे, कुठली डळमळली आहे. डळमळलेली दिसली की त्या वाडीत निरोप धाडायचा, कुणीतरी येऊन खात्री करा. लोक येत नव्हते. "कासमभाई हायत की," म्हणायचे. अहो, तेच तर सांगतायत की मला विचारू नका! निरोपावर निरोप. सरपंचांना लग्नं होती, पाणी सोडणाऱ्यांना भातलावणी होती, आणि माझ्याकडे दिवसाकाठी चार तास वीज. शेवटी आदल्या वर्षीच्या गणपतींचा सुमार हीच ती सीमा, असं आम्ही ठरवलं. त्यांनी सांगितलं आणि मी पहिल्या पानावर सर्वांत वर लिहिलं, एकही शब्द न सुधारता: 'मागल्या सालच्या गणपतींच्या पुढचं कासम तांबोळीनं सांगितलेलं दुसऱ्याला इचारल्याबिगर धरू नये.' यंत्राने कारणाची ओळ मागितली तेव्हा ते म्हणाले, "लिव्हा, सोता सांगितलं."

या सगळ्यात मी फार समजूतदारपणे वागले असं कुणाला वाटू नये. झालेलं पान ते पुन्हा उघडायला सांगायचे. "हे आत्ताच झालं ना, कासमभाई!" असं मी कितीदा तरी म्हटलं, त्यांना काय झालंय ते माहीत असूनही. ते ओशाळून "व्हय, व्हय" म्हणायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारायचे. एकदा मी सरळ म्हटलं, आज नको, उद्या या. ते उद्या आले नाहीत, कारण विसरले. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं होतं. पण ज्या माणसाने आपल्या चुका माझ्याकडून टाइप करून घेतल्या, त्याच्याबद्दल लिहिताना मी माझ्या वगळल्या तर कसं चालेल...

पावसाळ्यानंतर त्यांचं येणं थांबलं. थंडीत तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ते गेले. शोकसभेला गर्दी होती. दोन्ही तालुक्यांतून माणसं आली होती, जीप करून, टेम्पो करून. एक जण म्हणाले, कासमभाई म्हणजे आमचा चालताबोलता नकाशा होता. दुसरे म्हणाले, एक ज्ञानकोश हरपला. मी मागच्या खुर्चीवर बसून मुठी आवळत होते. हरपला कसा? तो माणूस अख्खा पावसाळा तुमच्या नावाने निरोप धाडत होता, एक तास या, एक पान वाचून बघा. तेव्हा तुम्ही कुठे होतात? पण शोकसभेत असं बोलत नाहीत.  रोहिदास तेवढा बाहेर पडताना म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी वॉल इचारणाऱ्या फोनवाल्या वाडीचं पान तुमी बघितलं का?" मी बघितलं होतं. त्या गणपतींच्या आधीची नोंद होती, एकदाही न बदललेली. फोन आला त्याच संध्याकाळी मी तो नंबर शोधून, वाडी कुठली ते विचारून त्यांना जागा कळवली होती. व्हॉल्व्ह तिथेच निघाला. आभार मानायला कुणाचा फोन आला नाही, आणि त्याबद्दलही मी चिडले.

गेल्या शुक्रवारी शमीमभाभींना भेटायला गेले. कासमभाईंच्या पत्नी. इतकी वर्षं ओळख असून मी त्यांच्या घरी आतल्या खोलीपर्यंत पहिल्यांदाच गेले. चहा ठेवून त्या म्हणाल्या, "पोरगा रंग द्यायचा म्हनतोय घराला. म्या म्हटलं, दे, पर ह्ये एक दार सोडून." आणि त्यांनी भिंतीला टेकलेलं दार पुढे ओढलं. दार उघडं असलं की त्याची ही बाजू भिंतीकडे जाते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही. त्या लाकडावर मिस्त्रीच्या जाड पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत लिहिलेलं होतं. 'चावी खिळ्याला.' 'शमीम बाजारात गेली की परत येती, काळजी करायची न्हाई.' 'धाकटीला मुलगी झाली.' पुढे नाव लिहून खोडलेलं, शेजारी बरोबर नाव. 'पांडूची पकड द्यायची ऱ्हायली.' झालेल्या कामापुढे बारीकशी खूण. पांडूच्या पकडीपुढे खूण होती. सगळ्यांत खाली, वाकून वाचावं लागेल अशा जागी, अक्षर जरा थरथरलेलं: 'मास्तरीणबाईंवर पोरांम्होरं वरडलो. माफी मागायची.' त्याच्यापुढे खूण नव्हती.

भाभी माझ्याकडे बघत होत्या. "रोज सकाळी वाचायचे ते," त्या म्हणाल्या. "ही वळ वाचली की म्हनायचे, आज जातो. मग चप्पल घालेपत्तूर इसरायचे." त्यांनी फळीवरून पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "तुमीच करा खून. त्येंच्या जिवाला बरं वाटंल."

मी पेन्सिल हातात घेतली. किती सोपं होतं. एक बारीक रेघ. पण माफी त्यांनी मागितली नव्हती, आणि मागायला हवी होती ती मी. पेन्सिल मी भाभींना परत दिली. म्हटलं, "राहू द्या तसंच." त्यांनी दार पुन्हा भिंतीला टेकवलं, आणि चहा गार झाला म्हणून दुसरा टाकायला उठल्या.